ग्रँड कॅन्यनचा प्रातःकाल : स्वस्थवृत्ताच्या दृष्टीतून

स्वस्थवृत्ताचा आरंभ ब्राह्ममुहूर्ती उठण्याच्या उपदेशाने होतो. वाग्भटाचार्यांनी दिनचर्येच्या अध्यायात दंतधावन, अंजन, अभ्यंग, व्यायाम या सर्वांच्या आधी जागे होण्याच्या वेळेला स्थान दिले, यात मोठे औचित्य आहे. दिवसाचे पहिले पाऊल नीट पडले तर पुढील पावले सहसा चुकत नाहीत. हा उपदेश आपण सर्वच वैद्य रुग्णांना नित्य करीत असतो. रुग्ण विचारतो, "म्हणजे नेमके किती वाजता उठायचे?" आणि आपण बहुधा "पहाटे साडेचारला" असे सांगून पुढच्या रुग्णाकडे वळतो. लवकर उठून करायचे काय, मनाची स्थिती कशी असावी, ती वेळ इतर वेळांहून वेगळी का, हे सांगण्यास चिकित्सालयात अवकाश नसतो. खरे पाहता शहरात राहणाऱ्या वैद्यालाही त्या वेळेचा अनुभव आता दुर्मीळ झाला आहे. रात्री दहापर्यंत रुग्ण तपासणाऱ्याने पहाटेची थोरवी सांगावी आणि रात्री बारापर्यंत दूरदर्शन पाहणाऱ्याने ती ऐकावी, असा हा व्यवहार चालतो.

असो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानात ऑक्टोबरच्या मध्यास चार दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. तेथील चारही पहाटा आम्ही दरीच्या काठावर घालविल्या. तेथे जे पाहिले, ऐकले आणि शास्त्राच्या आधारे ज्याचा विचार केला, ते वैद्यबंधूंपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आपल्याकडील अनेक ज्येष्ठ नागरिक मुलांकडे अमेरिकेस जातात आणि हे स्थळ पाहून येतात. जाण्यापूर्वी ते आपल्याकडे औषधे बांधून घेण्यास येतात, तेव्हा त्यांना काय सांगावे, याचाही विचार येथे केला आहे.

स्थलपरिचय

कोलोरॅडो नदीने खडक कापून तयार केलेली ही घळई सुमारे ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटरपर्यंत रुंद आणि सुमारे १.६ किलोमीटर खोल आहे. आपले कळसूबाई शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे. ते समुद्रसपाटीपासून अखंड उचलून या दरीत ठेवले तर साधारण काठापर्यंत पोहोचेल, एवढी ही खोली होय. पर्यटक ज्या दक्षिण कड्यावर प्रामुख्याने जातात, तो स्वतः सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे. उत्तर कडा त्याहून सुमारे ३०० मीटर उंच असून हिवाळ्यात बर्फामुळे तेथील रस्ता बंद असतो. त्या कड्यावरील जुने, प्रसिद्ध विश्रामगृह जुलै २०२५ मधील वणव्यात जळून गेले.

काठावरचा सर्वांत वरचा चुनखडीचा थर सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा; म्हणजे तेथील सर्वांत तरुण थरही आपल्या डोंगरांहून चौपट वृद्ध ठरतो. तळाशी नदीलगत जो काळपट खडक दिसतो, त्याचे वय सुमारे १७५ कोटी वर्षे आहे. नदीने ही घळई कोरण्याचे मुख्य काम मात्र गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांतच केले, असे भूशास्त्रज्ञ मानतात.

तळाच्या त्या प्राचीन खडकाचे नाव ऐकून मराठी वाचकास आश्चर्य वाटेल. त्यास 'विष्णु शिस्ट' असे म्हणतात. क्लॅरेन्स डटन या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १८८२ साली या प्रदेशाविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दरीतून वर आलेली उत्तुंग शिल्पवत् शिखरे पाहून त्यास पूर्वेकडील मंदिरांची आठवण झाली आणि त्याने त्यांस विष्णू व शिव यांची नावे दिली. पुढे हीच प्रथा पडली. आज नकाशावर ब्रह्मा, मनू, बुद्ध, झरतुष्ट्र आणि कन्फ्यूशियस यांच्या नावांची 'मंदिरे' तसेच राम व कृष्ण यांची 'देवस्थाने' आढळतात. ही सर्व नैसर्गिक शिखरे आहेत; तेथे ना मूर्ती, ना घंटा. त्यामुळे पहाटे विष्णूचे दर्शन घ्यायचे तर केवळ डोळे उघडे ठेवून स्वस्थ बसावे लागते.

१९०८ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या स्थळास राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. २६ फेब्रुवारी १९१९ रोजी ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७९ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाले. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून ही भूमी माणसांची होती. हवासुपाई, होपी, नवाहो इत्यादी अकरा आदिवासी जमातींचे या दरीशी परंपरागत नाते आहे. होपींच्या श्रद्धेनुसार त्यांचे पूर्वज या दरीतूनच पृथ्वीवर आले. ब्राइट एंजेल नावाच्या पायवाटेवर झऱ्याकाठी हवासुपाई कुटुंबे शेती करीत असत. उद्यान झाल्यावर त्यांना तेथून घालवून देण्यात आले. त्या जागेस २०२२ साली 'हवासुपाई गार्डन्स' असे नाव अधिकृतपणे देण्यात आले. ज्या शांततेचे वर्णन आम्ही पुढे करणार आहोत, तिच्यात या लोकांच्या अनुपस्थितीचाही अंश आहे, हे विसरता येत नाही.

ब्राह्ममुहूर्त : घड्याळाचा की सूर्याचा?

सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटांनी ब्राह्ममुहूर्त सुरू होतो आणि ४८ मिनिटे राहतो, ही गणना सर्वांस परिचित आहे. महाराष्ट्रात सूर्योदयाची वेळ वर्षभरात सुमारे सव्वा तासाने मागेपुढे होते, त्यामुळे 'साडेचार-पाच' हे ढोबळ उत्तर चालून जाते. ग्रँड कॅन्यन मात्र ३६ अक्षांशावर आहे. तेथे जूनमध्ये सूर्योदय सकाळी सव्वापाचच्या आत होतो, तर जानेवारीच्या आरंभी सात वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास. म्हणजे ब्राह्ममुहूर्त उन्हाळ्यात पहाटे साडेतीननंतर लगेच, तर हिवाळ्यात सहा वाजल्यानंतर सुरू होतो. दोहोंत सुमारे अडीच तासांचे अंतर पडते! आम्ही गेलो तेव्हा सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होता, म्हणून ब्राह्ममुहूर्त पाचच्या सुमारास लागत असे. रात्रीचे पंधरा समान भाग करून मुहूर्त मोजण्याची दुसरी पद्धत घेतली, तर हिवाळ्याच्या दीर्घ रात्रीत मुहूर्त ४८ मिनिटांहून मोठा आणि उन्हाळ्यात लहान होतो. कोणतीही गणना घेतली तरी तात्पर्य एकच. ब्राह्ममुहूर्त ही सूर्याशी बांधलेली वेळ आहे, गजराच्या घड्याळाशी नव्हे. परदेशस्थ रुग्णास 'साडेचारला उठा' असे सांगणे म्हणजे हिवाळ्यात त्याला मध्यरात्रीच्या अंधारात उठविणे होय.

यातच आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. भारत आणि ॲरिझोना यांच्या घड्याळांत साडेबारा तासांचे अंतर आहे, म्हणजे दिवस आणि रात्र यांची जवळजवळ पूर्ण अदलाबदल. नुकताच भारतातून आलेला प्रवासी तेथे रात्री दोन वाजता टक्क जागा होतो आणि 'आज आपोआप ब्राह्ममुहूर्ती जाग आली' असे समाधान मानतो. वस्तुतः ते जागे होणे नसून रात्रिजागरण आहे, कारण त्याच्या शरीरात तेव्हा भर दुपार चाललेली असते. रात्रिजागरणाने रूक्षता आणि वात वाढतो, हे आपण जाणतोच. पहाटे उठण्याचा उपदेश स्वस्थासाठी आहे आणि तोही आदल्या रात्रीचे अन्न जिरले आहे की नाही, याचा विचार करून आचरायचा आहे. रुग्ण, बालक, वृद्ध आणि प्रवासाने शिणलेला यांस तो सरसकट लागू करणे शास्त्रसंमत नाही. अशा प्रवाशाने पहिले दोन-तीन दिवस सूर्योदय पाहण्याचा हट्ट न धरता सकाळचे ऊन अंगावर घ्यावे, दुपारी दीर्घ झोप टाळावी आणि रात्रीचे जेवण लघु व वेळेवर घ्यावे. शरीरातील घड्याळ नवीन देशाशी जुळविण्याचे काम सकाळचा प्रकाशच करतो. पेशींतील या घड्याळाच्या यंत्रणेच्या शोधाबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या आचार्यांनी ऋतू, अहोरात्र आणि दोष यांची जी सांगड घातली, तिच्या अभ्यासकांस हा विषय परका वाटू नये.

पहाटेचे प्रत्यक्ष स्वरूप

पाच वाजता काठावर पूर्ण अंधार असतो. या उद्यानात दिवे मुद्दाम कमी आणि झाकलेले ठेवले आहेत. रात्रीचा अंधार जपल्याबद्दल २०१९ साली त्यास आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क' अशी मान्यता मिळाली. त्यामुळे आकाश ताऱ्यांनी खच्चून भरलेले दिसते आणि खाली दरीच्या जागी केवळ काळोख असतो. एवढी मोठी दरी समोर असूनही ती दिसत नाही. पण तिचे अस्तित्व जाणवते. ते जाणवते वाऱ्यामुळे.

रात्री काठावरची हवा थंड होऊन जड बनते आणि उतारांवरून खाली दरीत वाहत राहते. सूर्य वर आला आणि कडे तापले की हीच गती उलटते आणि वारा दरीतून वर येऊ लागतो. या दोन गतींच्या मधे, सूर्योदयाच्या आसपास, काही काळ हवा जवळजवळ स्थिर होते. झाडाचे पान हलत नाही. रात्रीचा अंतिम प्रहर वाताचा आणि दिवसाचा पहिला प्रहर कफाचा, हे सूत्र आपण विद्यार्थ्यांस पाठ करवितो. दोषांचा काल आणि बाहेरचा वारा ही एकच गोष्ट आहे, असा दावा आम्ही करीत नाही. तथापि वाताची चल अवस्था संपून कफाची स्थिर अवस्था येते म्हणजे काय, हे विद्यार्थ्यास समजावून सांगण्यास याहून चांगला दृष्टान्त सुचत नाही.

सहाच्या सुमारास पूर्वेस फिकट रेषा उमटते. या वेळी बहुतेक लोक पूर्वेकडे पाहत उभे राहतात. आमचे सांगणे असे की एकदा पश्चिमेकडेही पाहावे. क्षितिजावर निळसर-करड्या रंगाचा एक पट्टा दिसतो आणि त्यावर गुलाबी कडा असते. तो निळा पट्टा म्हणजे खुद्द पृथ्वीची छाया होय. सूर्य जसजसा वर येतो तसतशी ती छाया खाली उतरते आणि मावळते. मग पहिला प्रकाश सर्वोच्च शिखरांच्या माथ्यावर पडतो. विष्णू, शिव आदी शिखरे एकामागून एक उजळतात आणि तेथून प्रकाशाची रेषा थराथराने खाली सरकते: प्रथम पिवळट चुनखडी, मग तांबडा वालुकाश्म, मग जांभळट छाया. नदीपर्यंत ऊन पोहोचण्यास पुष्कळ वेळ लागतो. काठावर सकाळ झालेली असते, तेव्हा तळाशी अजून पहाटच असते. एकाच जागी उभे राहून दोन काळ पाहता येतात, हे या स्थळाचे वैशिष्ट्य होय.

शब्द आणि निःशब्द

या पहाटेचा सर्वांत मोठा लाभ डोळ्यांपेक्षा कानांस होतो. आचार्यांनी रोगांच्या कारणांत असात्म्येंद्रियार्थसंयोग सांगितला आणि प्रत्येक इंद्रियाचे अतियोग, हीनयोग व मिथ्यायोग वर्णिले. शहरातील माणसाच्या श्रोत्रेंद्रियाचा अहोरात्र अतियोग चालू असतो. त्यास तो इतका सरावलेला असतो की, शांत जागी गेल्यावर प्रथम अस्वस्थ होतो. पहिल्या पहाटे आम्हांसही ती शांतता कानांत दडे बसल्यासारखी वाटली. दुसऱ्या दिवसापासून कान उघडू लागले. पाइनच्या सुयांतून जाणारा वारा, दूरवर कावळ्यासारख्या रेव्हन पक्ष्याच्या पंखांचा सपसप आवाज, कड्याखालून येणारी कॅन्यन रेन या चिमुकल्या पक्ष्याची वरच्या स्वरापासून पायरीपायरीने खाली उतरणारी शीळ, हे सर्व वेगवेगळे ऐकू येऊ लागले. शांतता म्हणजे शब्दाचा अभाव नव्हे. लहान शब्द ऐकू येण्याइतका अवकाश, तोच श्रोत्रेंद्रियाचा सम्यक् योग होय, असे आम्हांस वाटते.

ही शांतता आपोआप टिकलेली नाही. २०२४ साली या उद्यानास सुमारे ४९ लाख लोकांनी भेट दिली. दरीवरून पर्यटकांना फिरविणाऱ्या विमानांचा आणि हेलिकॉप्टरांचा आवाज इतका वाढला की, १९८७ साली अमेरिकेच्या संसदेने कायदा करून या उद्यानातील नैसर्गिक शांतता पूर्ववत करण्याचे उद्दिष्ट ठरविले. त्यानंतर उड्डाणांचे मार्ग आणि उंची यांवर बंधने आली. वाद आजही सर्वस्वी मिटलेला नाही. परंतु शांतता ही जल, वायू, भूमी यांप्रमाणेच रक्षण करण्याची वस्तू आहे, हे एका राष्ट्राने कायद्यात लिहिले, ही गोष्ट जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायाचा अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. पर्यटनाची ही उड्डाणे दिवसा होतात. पक्क्या रस्त्यावरची वर्दळही सकाळी उशिरा वाढते. म्हणून पहाट हीच या दरीची खरी वेळ.

वृक्षवनस्पती : ओळखीचे अनोळखी

देशविचारात हा भाग जांगल होय. दक्षिण कड्यावर वर्षाला सुमारे ४० सेंटिमीटर पाऊस-बर्फ पडतो, तर दरीच्या तळाशी जेमतेम २३ सेंटिमीटर. हवा कोरडी, वारा पुष्कळ, वनस्पती विरळ आणि काटेरी. दोन दिवसांत ओठ फुटतात, नाकातील त्वचा सुकते, मलावष्टंभ होतो. तेलाचे नस्य, पादाभ्यंग आणि आहारात थोडे अधिक तूप यांचा आम्हांस प्रत्यक्ष लाभ झाला.

द्रव्यगुणाच्या अभ्यासकास येथे पदोपदी नात्यातील माणसे भेटतात. काठावरचा पाँडरोसा पाइन हा आपल्या सरल वृक्षाचा सगोत्र. ऊन लागले की त्याच्या सालीस व्हॅनिलासारखा मंद गंध येतो. म्हणून सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने त्याच्या खोडाशी नाक नेऊन पाहावे. पिन्यन नावाच्या बुटक्या पाइनच्या बिया चिलगोजाप्रमाणे खाल्ल्या जातात. ज्यूनिपर हा हपुषेच्याच कुळातील. राखी रंगाचे सेजब्रश हे झुडूप आपल्या दवण्याच्या वंशातील असून दवाने भिजल्यावर त्याचा तीव्र सुगंध पसरतो. एफेड्राची पाने नसलेली हिरवी काडीदार झुडपे पाहताच हिमालयातील सोमलतेची आठवण होते. मात्र अमेरिकेतील या जातींत एफेड्रिन जवळजवळ नसते. रूप सारखे, पण कर्म वेगळे! केवळ आकृतिसाम्यावरून द्रव्य वापरू नये, या नियमाचे हे उत्तम उदाहरण आहे.

दरीच्या उष्ण भागात भेटतो तो धोत्रा. त्याची पांढरी शुभ्र, मोठी, तुतारीसारखी फुले सायंकाळी उमलतात, रात्री मोठे पतंग त्यांवर येतात आणि सकाळचे ऊन चढले की ती कोमेजतात. म्हणून त्यांचे पूर्ण रूप पहाटे निघणाऱ्यासच दिसते. या कुळाचे मूळ अमेरिकेत असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. पण त्याचे शास्त्रीय नाव 'दतुरा' हे आपल्या 'धत्तूर' शब्दावरून आले आहे. सुश्रुताचार्यांनी अलर्कविषाच्या चिकित्सेत ज्याचा उपयोग सांगितला, त्याचा हा दूरचा आप्त. तो सर्वांगाने विषारी आहे. येथील कोणतीही वनस्पती तोडण्यास कायद्याने बंदी आहे. वैद्याचा हात पान चोळून पाहण्यास सहज पुढे होतो. येथे तो आवरावा आणि डोळ्यांनीच अभ्यास करावा.

पक्ष्यांत एकाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. कॅलिफोर्निया काँडॉर या गिधाडवर्गीय महापक्ष्याचे पंख पसरल्यावर सुमारे तीन मीटर होतात. १९८२ साली त्यांची संख्या सर्व जगात केवळ २२ उरली होती. बंदिस्त पैदाशीनंतर १९९६ च्या अखेरीस ॲरिझोनात त्यांना पुन्हा मुक्त सोडण्यात आले. आज हे पक्षी या दरीवर तरंगताना दिसतात. ऊन तापून वरच्या दिशेने हवा वाहू लागेपर्यंत ते कड्यावर स्वस्थ बसून राहतात. योग्य काळाची वाट पाहणे हेही एक बल आहे.

अर्धशक्ती : नियम आणि एक प्रसंग

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, हा नियम आपण सांगतो. कपाळी, नाकावर, काखेत घाम आला, तोंड कोरडे पडले की थांबावे, अशी लक्षणेही सांगतो. डोंगर चढताना हा नियम सहज पाळला जातो, कारण श्रम आधी होतात आणि उतार नंतर येतो. दरीत हे उलटे आहे. पहाटेच्या थंडीत, ताज्या अंगाने, उताराने माणूस आनंदात खाली जातो. श्रमांची जाणीव होते तेव्हा शक्ती अर्धी संपलेली आणि चढण पूर्ण शिल्लक असते. वरून ऊन तापू लागलेले आणि खाली जावे तसा उष्माही वाढलेला. उन्हाळ्यात काठावर सुखद हवा असताना तळाशी तापमान ४० अंशांपलीकडे जाते. चढण्यास उतरण्याच्या दुप्पट वेळ धरावा, नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परतण्याचा प्रयत्न करू नये आणि उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दरीत चालू नये, असे उद्यानाचे रक्षक आवर्जून सांगतात. म्हणजे दरीपुरता अर्धशक्तीचा अर्थ 'एकतृतीयांश शक्ती' असा करावा लागतो. एक भाग उतरण्यास, दोन भाग चढण्यास.

तिसऱ्या दिवशी ब्राइट एंजेल वाटेवर दीड मैलाच्या विश्रांतिस्थानाजवळ, काठापासून सुमारे ३४० मीटर खाली, आम्हांस एक मराठी गृहस्थ भेटले. वय सत्तरीच्या आसपास. सूर्योदय पाहून तसेच खाली उतरलेले, तीन मैलांच्या स्थानापर्यंत जाऊन परत येत होते. एका दगडावर बसले होते. हात थरथरत होते, अंगास थंड घाम होता आणि ते काहीसे असंबद्ध बोलत होते. सोबतच्या सूनबाई घाबरून त्यांना सारखे पाणी पाजीत होत्या. विचारल्यावर कळले की ते मधुमेही असून पहाटेची गोळी घेतली आहे आणि पोटात चहाखेरीज काही नाही. आम्ही पाणी थांबविले, जवळची साखर दिली आणि दहा-पंधरा मिनिटांनी ते सावध झाल्यावर खारी बिस्किटे व खजूर दिले. तो दीड मैल चढण्यास आम्हांस तीन तास लागले. दर वळणावर बसायचे, थोडे खायचे, मग पुढे. वर पोहोचल्यावर उद्यानाच्या दवाखान्यात त्यांची तपासणी झाली. सायंकाळी ते बाकावर शांत बसलेले दिसले. म्हणाले, "मी रोज पहाटे पाच किलोमीटर चालतो हो! मला वाटलं, हेही तसंच असेल."

हे वाक्य प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी लवकर उठण्याचा नियम पाळला होता, चालण्याचा पाळला होता, औषधाचाही पाळला होता. देश, काल, बल, अग्नी यांचा विचार मात्र सुटला होता. नियम सांगणारा त्या नियमाच्या मर्यादाही सांगत नसेल, तर त्याचा उपदेश अपुरा आहे.

प्रवासी रुग्णांस सूचना

या स्थळी जाणाऱ्या रुग्णांस पुढील गोष्टी लेखी द्याव्यात, असे आम्ही सुचवितो.

काठाची उंची कळसूबाईहून सुमारे साडेचारशे मीटर अधिक आहे. श्वास, हृद्रोग, पांडू यांच्या रुग्णांनी पहिला दिवस विश्रांतीचा धरावा आणि आधी तपासणी करून घ्यावी.

मधुमेहींनी पहाटे काहीतरी खाल्ल्याखेरीज चालू नये, गोळीची वेळ न्याहारीशी जोडावी आणि खिशात साखर ठेवावी.

तहान हा वेग आहे. तो धारण करू नये. परंतु केवळ पाणी पीत राहणे आणि काही न खाणे हेही धोक्याचे आहे, कारण घामावाटे लवण जाते आणि रक्तातील त्याचे प्रमाण घटते. पाण्यासोबत खारट पदार्थ घ्यावेत. वाटेवर पाणी मिळेलच असे नाही. आधी चौकशी करावी.

ऑक्टोबरातही पहाटे तापमान शून्याजवळ जाते. कान, छाती आणि पाय झाकावेत. हिवाळ्यात वाटांवर बर्फ साचून पाय घसरतो.

काठास बहुतेक ठिकाणी कठडा नाही. अंधारात विजेरीखेरीज चालू नये आणि कडेपासून दूर बसावे.

ज्यांस उतरणे झेपणार नाही त्यांनी हळहळू नये. काठाने जाणारी सपाट वाट सुमारे २१ किलोमीटर लांब आहे. तिच्या एका भागावर काळाची वाट आखली आहे. तेथील प्रत्येक मीटर म्हणजे पृथ्वीच्या इतिहासातील दहा लाख वर्षे. मानवजातीचा सर्व इतिहास तिथे एका पावलातही मावून जातो. वृद्धांनी काठी टेकीत सकाळी एक तास या वाटेने चालावे, यासारखा व्यायाम नाही.

समारोप

पहाटेचा लाभ घेण्यास ॲरिझोनास जावे लागते, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. निघोजच्या कुकडीतील रांजणखळग्यांच्या काठी, सांदण दरीच्या मुखाशी किंवा आपल्या गावाबाहेरच्या टेकडीवरही सूर्य त्याच क्रमाने उगवतो. आधी माथा, मग उतार, मग तळ. तेथील पहाटेने आम्हांस इतकेच शिकविले की, ब्राह्ममुहूर्त हा पाळण्याचा नियम असण्याआधी अनुभवण्याचा काल आहे. तो अनुभव घेण्यास आदल्या रात्री लवकर निजावे लागते, मोबाईल बाजूस ठेवावा लागतो आणि कोणतेही काम न करता अर्धा तास बसावे लागते. मनाच्या दोषांवर धी आणि धैर्य हेच परम औषध सांगितले आहे. ते औषध तयार होण्यास लागणारा अवकाश हाच आहे.

म्हणून यापुढे रुग्णाने "किती वाजता उठू?" असे विचारले, तर आम्ही त्यास उलट तीन प्रश्न विचारतो. आपल्या गावी सूर्य किती वाजता उगवतो? काल रात्री आपण किती वाजता निजलात? आणि उठल्यावर पहिला अर्धा तास आपण काय ऐकता? वैद्यबंधूंनी हे तीन प्रश्न प्रथम स्वतःस विचारून पाहावेत आणि मगच रुग्णांस विचारावेत, ही नम्र विनंती.